बाहेर बसून झालेला अभ्यास

वहिनी,

घरात सुतक आहे. देवघर बंद, फोडणी बंद, आणि कोणी कोणाला काम सांगत नाही. मी पांढरकवड्याच्या दवाखान्यातून रजा टाकून आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या यवतमाळच्या घरात दिवसभर नुसती बसून आहे. "ह्या घरात बाईले बसाले भेटते ते दोनदाच. कोणी मेलं का, नाही तं विटाळ आला का," असं तू एकदा म्हणाली होतीस आणि वर स्वतःच पोट धरून हसली होतीस. आता तुझ्यामुळेच बसायला मिळालंय. हसू मात्र येत नाही. नुसता थकवा आलाय.

बायका भेटायला येतात. "कपाळाचं कुंकू घेऊन गेली, भाग्याची होती," म्हणतात आणि उठतात. मी ऐकून घेते. तू किती भाग्याची होतीस हे मला चांगलं ठाऊक आहे, पण तोंड उघडलं तर आईला त्रास होईल. ती दाराशी भिंतीला टेकून असते. कोणी काही विचारलं तर "माही सून" एवढंच म्हणते आणि पदर तोंडाला लावते. दादा दुकान उघडत नाही आणि घरातही बसत नाही. कुठे जातो कोणास ठाऊक.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू निघून गेलीस, हे काही बरोबर नाही. जिंकत असताना उठून जाण्याची तुला खोडच होती.

माझं ते इंटर सायन्सचं वर्ष आठवतं? नागपूरला मेडिकलच्या जागा मोजक्या, आणि प्रवेश मार्कांवर. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात बजावून सांगितलं होतं, ज्याला डॉक्टर व्हायचंय त्यानं कॉलेज सोडून रोज निदान पाच तास वाचलं पाहिजे. नुसती हुशारी कामाची नाही, तास भरावे लागतात. वर्गातली मुलं खोल्या घेऊन राहत होती. त्यांना तास भरायला काय झालं! मी घरी येऊन लाल-निळ्या शाईत वेळापत्रक केलं आणि मागच्या खोलीच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवलं. पहाटे फिजिक्स, दुपारी केमिस्ट्री, दिवेलागणीनंतर बायोलॉजी. दादानं ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "ह्याच्यात पाणी कवा भरशील?"

आई माझ्या शिक्षणाच्या विरुद्ध होती, असं लोकांना वाटतं. ते खोटं आहे. ती एकदाही वाचू नको म्हणाली नाही. ती म्हणायची, "वाच ना बाई, कोण नाही म्हणते? एवढी तूर निवडून टाक अन् वाच." तूर झाली की, "पाहुणे येऊन राह्यले, पाट मांड अन् वाच." बाबा तेव्हा होते, आणि त्यांना तर माझा कोण अभिमान! धान्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की "आमची शकू डॉक्टर होनार हाय" असं सांगून ते त्याला घरी चहाला घेऊन यायचे, आणि तो चहा मीच ठेवायची. दिवाळी होऊन गेली तरी माझं वेळापत्रक एका दिवसापुरतंही खरं झालं नव्हतं. मी रडकुंडीला आले होते. तुला सगळं दिसत होतं. तू माझ्या हातातली तूर ओढून घ्यायचीस. पण तुझ्या हाताला तुझी कामं होतीच की.

मग मी बाहेरची झाले. दर महिन्याचंच ते. मागच्या खोलीत तरट, वेगळं ताट, वेगळा तांब्या, चार दिवस कशाला शिवायचं नाही. एरवी त्या दिवसांत मी पुस्तक धरत नसे; या वेळी पुस्तकांना शिवायचं की नाही, असा प्रश्न निघाला. आईनं माझं बायोलॉजीचं पुस्तक दुरूनच पाहिलं. त्यात पोट फाडलेला बेडूक होता. "त्याले काय इटाळ लागते," ती म्हणाली, "ते आंधीच बाटेल हाय." आणि विषय संपला. पोथीला हात लावायचा नाही, बेडकाला लावला तर चालेल.

त्या चार दिवसांत मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत वाचलं. कोणी हाक मारली नाही. मारून उपयोगच नव्हता, मी कशालाच चालत नव्हते. पाणी, तूर, पाहुणे, चहा, सगळं दाराच्या पलीकडे होतं. चौथ्या दिवशी तू दारातून ताट सरकवलंस आणि विचारलंस, "किती झालं?"

"महिनाभरात झालं नाही इतकं," मी म्हणाले.

तू उंबऱ्याच्या पलीकडे बसलीस आणि अगदी साधेपणानं म्हणालीस, "मंग अजून बस."

"म्हंजे?"

"म्हंजे बस. थांबलं नाही म्हनाचं. कोन पाहाले येते? सासूबाईले मी सांगतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा घाबरून मी नको नको केलं, आणि तू माझी खिल्ली उडवलीस. "मानसं कापाले निघाली, अन् इतकुशा खोट्याले भेते!"

त्यानंतरची आखणी तुझी. केळापूरकडच्या खेड्यातून चौथी शिकून आलेली तू, माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी, पंचांग मांडीवर घेऊन बसायचीस. कोणत्या आठवड्यात आईची बहीण येणार, कधी दादा घाटंजीच्या बाजारातून कोणाकोणाला घेऊन येतो, चंपाषष्ठी कधी, संक्रांतीचं हळदीकुंकू कधी. ज्या दिवसांत घरात कामाचा रगाडा, नेमक्या त्याच दिवसांत मी बाहेरची. माझे चार दिवस लांबून आठ झाले, कधी त्याहून जास्त. महिन्यात दोनदाही झाले. माझं वेळापत्रक भिंतीवर तसंच पिवळं पडलं. तुझ्या वेळापत्रकावर मी पास झाले.

आई काळजीत पडली. पोरीला काहीतरी रोग लागला, बाहेर कळलं तर सोयरीक जुळायची नाही, म्हणून तिनं हे बाबांनाही सांगितलं नाही आणि शेजारीही बोलली नाही. तिच्या त्या धास्तीनंच आपलं खोटं झाकलं गेलं. ती रोज सकाळी तुझ्याकडून दुर्वा वाटून घ्यायची आणि त्यांचा रस मला द्यायची. हिरवा, गवताच्या चवीचा तो रस मी तुझ्यामुळे वाटीवाटीनं प्याले. तू पाठीमागे उभी राहून गंभीर तोंडानं म्हणायचीस, "अजून थोडा द्या सासूबाई, लय अशक्त झाली हाय." आणि आई आत गेली की पदराचा बोळा तोंडात कोंबायचीस. आईला अजूनही वाटतं की मला दुर्वांनी गुण आला. परवाही म्हणाली, "सुनेले बी देल्ला असता तं..." मी तिला काही सांगितलं नाही. सांगणारही नाही.

दुपारी कामं आवरली की तू तांदूळ पाखडायला घेऊन उंबऱ्याबाहेर बसायचीस. "आज काय वाचलं?" मी बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात म्हणून सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "आपल्या घराएवढेच. अन् त्याच्यात त्याची सासू, ननद, सारे मावतेत का?" मी हसता हसता पाठ केलेलं विसरले. पण सांगण्याच्या नादात ते डोक्यात असं बसलं की परीक्षेत बेडूक आला तेव्हा मी तोंडातल्या तोंडात तुझ्याशी बोलत उत्तर लिहिलं.

मार्क मिळाले. प्रवेश मिळाला. जुलैत मी नागपूरला गेले. निघताना माझी पेटी उचलायला तू वाकता वाकता थांबलीस, कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस, आणि मला कळलं की तुला दिवस गेलेत. मी तुझ्या कानात म्हणाले, "बाळंतपनाले मी येतो." तू म्हणालीस, "पह्यलंच वरीस हाय तुहं, तू कायचं बाळंतपन करते? बेडकाचं?"

दिवाळीला आले तर तुझं पोट सपाट होतं. आईनं दोन शब्दांत सांगितलं आणि तू स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाहीस. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. त्यानंतर गणपतीत मी घरी आले. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पाहते तर तू ऋषिपंचमीचं व्रत धरून बसलेली. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून परसातली, हातानं खणून लावलेली भाजी, तीही अळणी. विटाळात नकळत शिवाशीव झाली असेल तर त्याचं पाप जावं म्हणून करायचं ते व्रत. आमच्या घरी ते आईच्या वयाच्या बायका करायच्या.

"हे तं म्हाताऱ्यांचं काम. तू कायले करून राह्यली?" मी विचारलं.

तू पानातली भाजी चिवडत राहिलीस. मग म्हणालीस, "तू बाहेर बसली होती ना, तवा मी बी बाहेरचीच होतो."

त्या थंडीत आईचा हात मोडला होता. प्लॅस्टरमधून निघाला तरी तिला तवा उचलत नव्हता. चूल तुझ्या एकटीवर होती. तुझे दिवस यायचे तेव्हा तू बसली असतीस तर मला न्हाऊन उठावं लागलं असतं, पाच माणसांचा स्वयंपाक आणि येणारे-जाणारे सांभाळावे लागले असते, अभ्यास गेला असता. म्हणून तू कोणाला सांगितलंच नाहीस. पहाटे उठून अंघोळ करायचीस आणि चुलीशी बसायचीस. देवाचा नैवेद्य तुझ्या हातचा. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर सूर्याला दूध उतू घालतात, ते दूधही तूच तापवलंस. आई जवळ उभी राहून हात जोडत होती. तू सांगितलंस की त्या वेळी तुझे पाय लटलट कापत होते आणि आईला वाटलं थंडी आहे. पंचांगात सगळ्यांचे दिवस आपण धरले होते. तुझे दिवस कुठे गेले, हे इंटर सायन्सला बायोलॉजी घेतलेल्या मला सुचलं नव्हतं.

"म्हनून देवानं नेले," तू म्हणालीस. दोन्ही बाळं. असं, शांतपणे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि जवळजवळ दहा वर्षं चाललं. मी नवी नवी शिकत होते, जिभेला धार होती. विटाळ म्हणजे काय, रक्त कुठून येतं, का येतं, सगळं तुला चित्रं काढून समजावलं. तू चित्रं नीट पाहिलीस. "चांगली काढली," म्हणालीस. तिसऱ्या वर्षी मी स्टेथोस्कोप घरी आणला आणि सरावासाठी म्हणून तुझ्या छातीला लावला. दोन ठोक्यांच्या मधे घरघर होती. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. लहानपणी सांधे सुजले होते का, ताप यायचा का, विचारलं. तू हो म्हणालीस, माहेरी असताना महिनाभर अंथरुणाला होते म्हणालीस. मला, खोटं कशाला बोलू, दुःखाच्या आधी आनंद झाला. सापडलं कारण! मी तुला म्हणाले, "पाह्य वहिनी, पाप-बीप काही नाही. तुह्या हृदयाची झडप खराब हाय. म्हनून बाळ टिकले नाही."

तू ब्लाऊजची बटणं लावता लावता विचारलंस, "अन् झडप कायनं खराब झाली?"

"तापानं."

"अन् ताप मलेच कायले आला?"

तू जिंकलीस आणि कणीक मळायला गेलीस.

दरसाल तेच. मी गणपतीत यायची, तू अळणी भाजी खायचीस, मी चिडायची. एकदा मी म्हणाले, व्रतानं पाप जातं म्हणतेस ना, मग एकदा केलंस, झालं की. तू म्हणालीस, "नकळत केलं त्याच्यासाठी व्रत हाय शकू. कळून केलं त्याच्यासाठी नाही. म्हनून मी करतच राहातो." दादा दुसरं लग्न करणार नाही म्हणाला तेव्हाही तू त्याच्यावर खूश झाली नाहीस, उलट रागावलीस. त्याचंही ओझं तुझ्याच नावावर चढलं, असं तुला वाटलं. माझी नोकरी लागली, मी तुला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ऑपरेशनचं नाव काढलं की तू विषय बदलायचीस. किती थकवलंस मला! बाहेर रोज शेकडो बायकांना मी समजावते आणि त्या ऐकतात. घरची एक बाई माझं ऐकत नव्हती.

या हिवाळ्यात पायांवर सूज आली तेव्हा मी तुला माझ्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तू तक्क्याला टेकून बसूनच असायचीस. नर्सनं आणलेलं पाणी तिला जात न विचारता प्यायचीस. सोवळं तू कधीच सोडलं होतंस. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तुला विटाळाची भीती उरलेलीच नव्हती. मग ते व्रत कशाचं?

त्या दुपारी मी ओपीडी संपवून आले. अंगात त्राण नव्हतं. तुझी नाडी पाहिली, आणि मला जे दिसत होतं ते तुलाही कळलेलं होतं. मला एवढंच वाटत होतं की तू डोक्यावर हे घेऊन जाऊ नयेस. मी हात धरून म्हणाले, "वहिनी, आता तरी मान. तुह्या हातून काही पाप झालं नाही. काहीच झालं नाही."

तू हात सोडवून घेतलास. इतक्या वर्षांत तू माझ्यावर कधी चिडली नव्हतीस, त्या दिवशी चिडलीस. दम लागत होता, मधे मधे थांबत होतीस, तरी बोललीस.

"काहीच झालं नाही? मंग मी तुले काय देल्लं शकू? दोन भाकरी जास्त थापल्या, इतकंच? मले माहीत होतं का पाप हाय. ते दूध गोवऱ्यांवर ठेवतानी माहीत होतं. माहीत असून केलं. घरात सासूबाई होत्या, देव होता, सारे होते, अन् मी म्हनलं, होऊन जाऊ दे, पोरगी शिकली पाह्यजे. आयुष्यात मी येकच गोष्ट माह्या मनानं केली. अन् तू दरसाल येऊन मले सांगते का ती गोष्ट झालीच नाही."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बोलू नको, दम लागेल." ओपीडीत म्हणते तसं. तुला उशी दिली, औषध दिलं आणि बाहेर येऊन उभी राहिले. दोन दिवसांनी तू घरी जायचा हट्ट धरलास. दादा मोटार घेऊन आला. नंतर आपलं बोलणं झालं ते औषधांचं, पथ्याचं, आईच्या गुडघ्यांचं. मग तार आली.

मी डॉक्टर आहे वहिनी. विटाळानं बाळं जात नाहीत, हे मी उद्याही सांगेन, आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगेन. तुझी बाळं झडपेनं गेली. त्यात मी तसूभर मागे हटणार नाही. पण तू मला हे कधी विचारलंच नव्हतंस. देव तुझ्या बाजूचा नाही, हे धरून तू त्याच्यासमोर दूध उतू घातलंस, ते माझे वाचायचे तास भरावेत म्हणून. पुस्तकातली चित्रं दाखवून मी ते हलकं करत राहिले. जेवढं हलकं केलं, तेवढं तुझ्या हातून काढून घेतलं. तुझी उतराई व्हायचं तर आधी ते वजन कबूल करायला हवं होतं. मला ते जमलं नाही, कारण मला खरं काय ते ठाऊक होतं.

आज या खोलीत बसून, जे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं ते म्हणते. तू ऐकत असशील-नसशील, मला त्यातलं काही कळत नाही.

हो वहिनी. पाप होतं. मोठं होतं. आणि तू ते माझ्यासाठी केलंस.